डाउनस्विंगमध्ये कंबर फिरण्याआधी काय घडायला हवे

तुम्ही मांडलेली अडचण थोडक्यात अशी आहे. तुम्ही गोल्फ उजव्या हाताने खेळता, हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १८ च्या आसपास आहे आणि ‘डाउनस्विंगची सुरुवात कमरेने करा’ (डाउनस्विंग म्हणजे क्लब, अर्थात चेंडू मारायची काठी, वरून चेंडूकडे आणणे) हा सल्ला गेले काही महिने मनापासून पाळत आहात. तरीही ड्रायव्हरचा (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबचा) चेंडू पूर्वीपेक्षा जास्त उजवीकडे वळतो, आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) कधी चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो तर कधी चेंडूच्या माथ्यावर लागतो, आणि व्हिडिओत इम्पॅक्टच्या क्षणी, म्हणजे क्लब चेंडूला लागताना, कंबर चेंडूकडे ढकललेली व शरीर ताठ झालेले दिसते. कंबर अधिक वेगाने फिरावी यासाठी कोणता सराव करावा, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत असे की वेग वाढवण्याचा सराव तूर्त करूच नये. तुम्ही सांगितलेली लक्षणे पाहता तुमची कंबर पुरेशा जोराने फिरते आहे, पण डावा पाय तिला आधार द्यायला तयार होण्यापूर्वीच फिरते आहे.

आधी थोडी आकडेवारी पाहू, कारण त्यावरून नेमके काय साधायचे आहे ते ठरवता येते. पूर्ण फटक्याचा डाउनस्विंग सुमारे पाव सेकंदात संपतो. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे आणि वर नेण्याला, त्याच्या साधारण तिप्पट वेळ लागतो. व्यावसायिक खेळाडूची कंबर बॅकस्विंगच्या टोकाला लक्ष्यापासून सुमारे ४५ अंश वळलेली असते आणि खांदे सुमारे ९० अंश. इम्पॅक्टच्या वेळी तीच कंबर लक्ष्याच्या बाजूला ३५ ते ४५ अंश उघडलेली असते, तर खांदे तिच्या मागे, म्हणजे त्याहून कमी उघडलेले असतात. हौशी खेळाडूची कंबर मात्र इम्पॅक्टला पुष्कळदा जवळजवळ सरळच असते. हा फरक डोळ्यांत भरतो आणि ‘जोर कमी पडतो आहे’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण वेगांची उतरंड पाहिली तर वेगळेच दिसते. चांगल्या खेळाडूच्या कमरेचा सर्वोच्च वेग सेकंदाला साधारण ४०० ते ५०० अंश असतो, धडाचा त्याहून जास्त, डाव्या हाताचा त्याहूनही जास्त आणि क्लबचा २००० अंशांच्या वर. कंबर हा या साखळीतला सर्वांत मंद दुवा आहे. शिवाय ती आपला सर्वोच्च वेग इम्पॅक्टच्या बरीच आधी गाठते आणि मग मंदावू लागते. तिच्या त्या मंदावण्यामुळेच धड पुढे झेप घेते, मग हात आणि शेवटी क्लब. कमरेला वेळेवर लगाम घालणारा डावा पाय जमिनीत रोवलेला नसेल, तर कंबर कितीही वेगाने फिरवली तरी तो वेग क्लबपर्यंत पोहोचत नाही.

पाव सेकंदाच्या या अवधीत कमरेच्या तीन हालचाली होतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा दाब डाव्या पायावर येतो आणि त्याबरोबर कंबर लक्ष्याकडे दोन-तीन इंच सरकते. मग ती फिरते. मग डावा पाय सरळ होत जातो आणि डावा खुबा वर व मागे जातो. प्रत्यक्षात या तिन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना एकच वळण दिसते. बहुतेक खेळाडू नक्कल करतात ती त्या दिसणाऱ्या वळणाची.

पहिली हालचाल कधी सुरू होते हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. क्लब अजून मागे जात असतानाच ती सुरू होते. बॅकस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत उजव्या पायावरचा दाब वाढत जातो, आणि त्यानंतर, क्लब टोकाला पोहोचण्यापूर्वीच, तो डावीकडे परतू लागतो. विख्यात गोल्फपटू जॅक निकलॉस बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीवरून उचलत असत आणि ती पुन्हा खाली रोवणे हीच त्यांच्या डाउनस्विंगची सुरुवात असे. तसेच विख्यात असलेले सॅम स्नीड यांच्या डाउनस्विंगच्या आरंभी दोन्ही गुडघे एकमेकांपासून दूर होत आणि शरीर किंचित बसल्यासारखे खाली येई. दोघांच्या शैलीत फरक आहे, पण हेतू एकच: वळण्याआधी डावा पाय जमिनीवर दाबला जावा. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे समजायला सोपे जाईल. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय खेळपट्टीवर पक्का रोवला गेला की मगच त्याचे धड आणि हात त्यावरून पुढे झेपावतात. पाय टेकण्याआधीच खांदा फिरला तर चेंडूत वेगही राहत नाही आणि दिशाही.

आता तुमच्या बाबतीत काय होते ते पाहू. क्लब टोकाला पोहोचतो तेव्हा तुमचे वजन बहुधा अजून उजव्या पायावरच असते. त्या स्थितीत तुम्ही कंबर झटक्याने डावीकडे फिरवता. उजव्या पायावर उभे राहून कंबर फिरवली की खांदेही तिच्याबरोबर ओढले जातात, उजवा खांदा चेंडूच्या रेषेकडे बाहेर फेकला जातो आणि क्लब बाहेरून आत, तिरक्या वाटेने खाली येतो. त्या वाटेवर क्लबफेस (चेंडूला लागणारा क्लबचा पृष्ठभाग) जरासा जरी उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, असला तरी स्लाइस होणारच, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळणारच. शिवाय शरीर मागे राहिल्यामुळे स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. म्हणून आयर्न एकदा जमिनीत रुततो, आणि पुढच्या फटक्याला ते टाळण्यासाठी शरीर वर उचलले गेले की चेंडूच्या माथ्यावर लागतो. वरवर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या या दोन चुकांचे मूळ एकच आहे. ‘कंबर मोकळी करा’ हा सल्ला स्लाइस मारणाऱ्या खेळाडूला सरसकट देऊ नये असे मी म्हणतो ते याचसाठी. ज्याचे वजन आधीच डाव्या पायावर पोहोचते त्याला तो उपयोगी पडतो, इतरांची अडचण तो वाढवतो.

कंबर चेंडूकडे ढकलली जाते त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यामागे एकाहून अधिक कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. डावा पाय नीट भारित असताना गुडघा सरळ होऊ लागला की डावा खुबा मागे, म्हणजे चेंडूपासून दूर जातो. त्यामुळे हातांना समोरून जायला जागा मिळते. पाय भारित नसताना तोच गुडघा सरळ झाला तर ओटीपोट पुढे येते, पाठ उभी होते आणि हातांची जागा संपते. मग हात उंचावतात आणि फटका क्लबफेसच्या मधल्या भागावर लागत नाही. क्वचित शँकही होतो, म्हणजे चेंडू क्लबच्या दांड्याजवळच्या भागाला लागतो. दुसरे कारण म्हणजे क्लबची वाट. क्लब फार उभा खाली येत असेल तर तो जमिनीत घुसणार हे शरीराला जाणवते आणि ते आपोआप उभे राहून जागा करते. अशा वेळी ‘खाली राहा’ असे स्वतःला बजावणे व्यर्थ आहे, कारण उभे राहणे ही चूक दुसऱ्या चुकीतून सावरण्यासाठी शरीराने शोधलेली तोड असते. तिसरे कारण अगदी साधे: पवित्रा घेतानाच वजन चवड्यांवर असते. तिथून शरीर पुढेच जाणार.

यापेक्षाही जास्त दुर्लक्षित कारण क्लबफेसचे आहे, आणि माझ्या मते कमरेवर काम सुरू करण्याआधी ते तपासलेच पाहिजे. क्लबफेस उघडा असताना कंबर पूर्ण उघडली तर चेंडू फार उजवीकडे जातो. हे आपल्याला समजण्याआधी शरीराला समजलेले असते, म्हणून इम्पॅक्टच्या आधी कंबर थांबते आणि क्लबफेस बंद करण्यासाठी मनगटे झटकली जातात. अशा खेळाडूला कंबर फिरवायला शिकवणे म्हणजे त्याची सावरण्याची एकमेव युक्ती काढून घेणे. ही शंका फेडायची असेल तर बॅकस्विंगच्या टोकाला व्हिडिओ थांबवा आणि डाव्या मनगटाकडे पाहा. मनगट मागे, म्हणजे हाताच्या पंज्याच्या वरच्या बाजूला मुडपलेले असेल आणि क्लबचे पाते जवळजवळ उभे लटकत असेल, तर क्लबफेस उघडा आहे. डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे वळवा. पवित्र्यात उभे राहून खाली पाहिल्यावर डाव्या मुठीची दोन ते तीन हाडे दिसायला हवीत. या बदललेल्या पकडीने छोटे फटके मारताना चेंडू डावीकडे जाऊ लागले तर घाबरू नका. ते चेंडू सरळ करण्यासाठी शरीर आपण होऊन कंबर जास्त उघडू लागते, आणि कोणत्याही सूचनेपेक्षा ही प्रेरणा अधिक परिणामकारक ठरते.

सरावाकडे वळताना मी पहिला क्रमांक पाऊल टाकून मारण्याच्या सरावाला देतो. सात किंवा आठ नंबरचे आयर्न घ्या, दोन्ही पाय जुळवून उभे राहा आणि चेंडू डाव्या पायाच्या जरा पुढे ठेवा. क्लब मागे न्यायला सुरुवात करा आणि हात छातीच्या उंचीला आले की, क्लब अजून मागे जात असतानाच, डावे पाऊल लक्ष्याकडे नेहमीच्या अंतरावर टाका. पाऊल टेकले, त्यावर भार आला, की मग मारा. सुरुवातीला क्लब थांबेल, मग पाऊल पडेल, मग क्लब निघेल, असे तीन तुकडे होतील. त्यात काही गैर नाही, पण सरावाचा उद्देश पाऊल आणि क्लब क्षणभर विरुद्ध दिशांना जाण्याचा आहे. चेंडूशिवाय, अर्ध्या वेगाने, तो क्षण जाणवू लागेपर्यंत करत राहा. जाणीव कुठे होते तेही सांगतो: पाऊल टेकताच दाब प्रथम डाव्या अंगठ्याच्या मुळाशी लागतो आणि कंबर फिरू लागली की तो टाचेकडे व पावलाच्या बाहेरच्या कडेकडे जातो. फटका संपल्यावर डाव्या पावलाचा चवडा सहज उचलता आला तर दाब योग्य ठिकाणी पोहोचला असे समजावे. दाब अंगठ्यावरच अडकून राहिला असेल तर खुबा मागे गेलेला नाही.

दुसरा सराव भिंतीचा आहे आणि तो घरीही करता येतो. भिंतीकडे पाठ करून पवित्रा घ्या, दोन्ही नितंब भिंतीला जेमतेम टेकू द्या आणि हात छातीवर घडी करा. बॅकस्विंगचे वळण घेतले की उजवा नितंब भिंतीवर दाबला जाईल आणि डावा किंचित सुटेल. आता वळण उलटे फिरवण्याआधी डावा पाय दाबून दोन्ही नितंब पुन्हा भिंतीला लावा. स्नीड यांचे ते बसणे हेच. त्यानंतर वळा आणि डावा नितंब भिंतीवर घासत मागे-डावीकडे जाऊ द्या. शेवटी उजवा नितंब सुटलेला आणि डावा टेकलेला असावा. दोन्ही सुटले तर तुमचा जुना दोष तिथेच सापडला. हा सराव संथपणेच करायचा आहे, वेगाने केल्यास त्याचा काही उपयोग नाही. वळताना छाती किंचित मागे ठेवण्याचा प्रयत्न करा, म्हणजे कंबर निघाली तरी पाठ क्षणभर लक्ष्याकडेच राहील. कंबर आणि खांदे यांचा हा वियोग तुमच्या स्विंगमध्ये सध्या अजिबात नाही.

सरकण्याचा अतिरेक होऊ नये म्हणून डाव्या पावलाच्या बाहेर, खुब्यापासून तीन-चार इंच अंतरावर एक अलाइनमेंट स्टिक (दिशा तपासायची बारीक काठी) जमिनीत उभी रोवा. डाउनस्विंगच्या आरंभी खुबा तिच्या जवळ यावा, पण इम्पॅक्टपर्यंत तो तिला ढकलत न जाता तिच्यापासून मागे वळलेला असावा.

आता शरीराच्या मर्यादेबद्दल. कंबर फिरते असे आपण म्हणतो तेव्हा हे वळण मुख्यत्वे खुब्यांच्या सांध्यात घडत असते. पाठीच्या कण्याचा खालचा भाग उणापुरा १० ते १५ अंशच वळू शकतो. डाउनस्विंगमध्ये डाव्या पावलावर ओटीपोट फिरते, म्हणजे डाव्या खुब्याला आतल्या बाजूने वळावे लागते. ते वळण सांध्यात उपलब्ध नसेल तर शरीर ते कण्याच्या खालच्या भागातून किंवा गुडघ्यातून वसूल करते, आणि गोल्फ खेळणाऱ्यांत पाठीच्या खालच्या भागाची दुखणी इतकी आढळतात त्याचे हे एक कारण आहे. तपासणी सोपी आहे. खुर्चीवर ताठ बसा, दोन्ही गुडघे काटकोनात आणि एकमेकांना जुळलेले ठेवा, मांडी न हलवता डावे पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. पोटरी उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा कमी कलत असेल तर सांधा आखडलेला आहे असे समजून स्विंगची मांडणी बदलावी. डावे पाऊल पवित्र्यातच लक्ष्याकडे २० ते ३० अंश वळवून ठेवले की तेवढे वळण सांध्याला करावे लागत नाही. हा बदल इतका छोटा आणि इतका फलदायी आहे की अनेकांना मी तो पहिल्याच भेटीत करायला सांगतो. ज्यांचा सांधा त्याहूनही आखडलेला आहे त्यांनी निकलॉस यांच्याप्रमाणे टाच उचलू द्यावी आणि फटक्यानंतर डावे पाऊल टाचेवर फिरले तरी हरकत मानू नये. जांघेत टोचल्यासारखी वेदना होत असेल तर मात्र ताण देणारे व्यायाम स्वतःहून सुरू करू नका; आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवा.

प्रगती मोजण्यासाठी फोनचा स्लो मोशन व्हिडिओ पुरेसा आहे. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात तुमचा डाउनस्विंग सुमारे ६० फ्रेमचा होईल. कॅमेरा चेंडू आणि लक्ष्य यांच्या रेषेत मागे, हातांच्या उंचीवर ठेवा आणि दोनच ठिकाणी चित्र थांबवा. डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर आला असताना पट्ट्याचे बक्कल साधारण चेंडूकडे असावे आणि नितंबांनी पवित्र्यातली मागची रेषा सोडलेली नसावी. इम्पॅक्टला पँटचे मागचे दोन्ही खिसे कॅमेऱ्यात दिसायला हवेत. एकच खिसा दिसत असेल तर कंबर अजून बंद आहे. दुसरा व्हिडिओ समोरून घ्या आणि त्यात फक्त एवढेच पाहा की क्लब मागे जात असताना कंबर लक्ष्याकडे निघालेली आहे का. बाकीच्या रेषा आणि वर्तुळे काढत बसण्यात वेळ घालवू नये.

सरावात पूर्ण ताकदीचे फटके पहिले काही आठवडे टाळा. कमरेच्या उंचीपासून कमरेच्या उंचीपर्यंतचा अर्धा स्विंग, आठ नंबरचे आयर्न, आणि डिव्हट (क्लबने जमीन खरवडल्याची खूण) चेंडूच्या पुढे पडतो की नाही हा एकच निकष. ड्रायव्हर सर्वांत शेवटी घ्या, कारण टीवरचा (छोट्या खुंटीवर ठेवलेला) चेंडू जमिनीतली चूक लपवतो. तसेच वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) मारायच्या पिचला, म्हणजे जवळच्या छोट्या फटक्याला, यातले काहीही लागू करू नका. तिथे वजन सुरुवातीपासूनच डाव्या पायावर ठेवायचे असते, कंबर छातीबरोबर फिरते आणि सरकण्याला जागाच नसते.

हे जमू लागल्यावर चेंडूच्या उड्डाणात एक बदल दिसेल, त्यासाठी तयार राहा. स्लाइस कमी होईल आणि त्याजागी कधी सरळ उजवीकडे जाणारा तर कधी झपकन डावीकडे वळणारा चेंडू येऊ लागेल. याचा अर्थ कंबर आता हातांच्या फार पुढे निघून जाते आहे आणि क्लब मागे अडकतो आहे. अशा वेळी कमरेला आणखी काही शिकवायचे नसते. डावा पाय दाबला जाण्याची सवय तशीच राहू द्या आणि लक्ष हातांकडे वळवा: टोकापासून हात मोकळेपणाने खाली सोडण्याचे फटके, दोन्ही पाय जुळवून, जोर न लावता मारा. कंबर आणि हात पुन्हा एका लयीत येईपर्यंत पावलाचा सराव बाजूला ठेवला तरी चालेल.